कीबोर्ड गोठला? युनिक्स डेस्कटॉपवर बटण नेमकं कुठे अडतं ते शोधण्याची पद्धत

माउस हलतोय, घड्याळ पुढे सरकतंय, गाणंही वाजतंय. फक्त कीबोर्डवरचं एकही बटण लागू पडत नाही. अशा वेळी हात आपोआप पॉवर बटणाकडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. सेव्ह न केलेलं काम तर जातंच, शिवाय नेमकं काय बिघडलं होतं याचा पुरावाही पुसला जातो आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा समोर येतो. खरं तर अशा बहुतेक प्रसंगी कीबोर्ड ठणठणीत असतो. बटणाचा सिग्नल मधल्या कुठल्या तरी टप्प्यावर अडवला गेलेला असतो. तो टप्पा सापडला की इलाज अनेकदा एका ओळीचा असतो.

टप्पे असे. कीबोर्डमधली चिप यूएसबीवरून किंवा लॅपटॉपच्या आतल्या पीएस/२ कंट्रोलरमार्फत कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, कळवते. कर्नलचा ड्रायव्हर ती घटना /डेव्ह/इनपुट या फोल्डरमधल्या एखाद्या इव्हेंट फाइलवर ठेवतो. तिथून लिबइनपुट हा भाग ती वाचून एक्स सर्व्हरला किंवा वेलँड कंपोझिटरला, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरला, देतो. तिथे एक्सकेबी हा भाग लेआउट, शिफ्ट, ऑल्ट वगैरेंचा हिशेब लावतो. मग कीबोर्डचा ताबा कुणी घेतलाय का आणि फोकस कुठल्या खिडकीवर आहे हे बघितलं जातं. वाटेत आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारखी इनपुट मेथड, म्हणजे वेगळ्या लिपीत टाइप करू देणारा प्रोग्रॅम, असेल तर तिच्यातून जाऊन अक्षर शेवटी प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतं. यातला कुठलाही दुवा निखळला तरी वापरणाऱ्याला दिसतं एकच: कीबोर्ड मेला.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत टाइप करायच्या. पर्यायांच्या आधीची आडवी रेघ जशी दिली आहे तशीच ठेवायची.

जागेवरून न उठता करायच्या चाचण्या

पहिली चाचणी कॅप्स लॉकच्या दिव्याची. बटण दाबा आणि दिवा बदलतो का बघा. चाचणी साधी आहे, पण ती नेमकं काय सांगते हे समजून घेण्यासारखं आहे. ग्राफिकल सेशन चालू असताना कर्नलचा स्वतःचा कीबोर्ड हाताळणारा भाग बाजूला ठेवलेला असतो, आणि दिवा लावायचा आदेश एक्स सर्व्हर किंवा कंपोझिटर देतो. म्हणजे दिवा बदलला तर हार्डवेअर, कर्नल, लिबइनपुट आणि डिस्प्ले सर्व्हर हे चारही टप्पे चालू आहेत. दोष त्यांच्या पुढे आहे: ताबा, फोकस, इनपुट मेथड किंवा प्रोग्रॅम. दिवा ढिम्म राहिला तर दोष डिस्प्ले सर्व्हरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे. काही वायरलेस कीबोर्डांना दिवाच नसतो, तिथे ही चाचणी सोडून द्या. पीएस/२ कीबोर्डचे दिवे एका लयीत आपोआप लुकलुकत असतील, तर मात्र ते कर्नल पॅनिकचं, म्हणजे कर्नलच कोसळल्याचं, लक्षण आहे. तिथे पुढचं काहीच लागू होत नाही, मशीन रीस्टार्टच करावं लागतं.

दुसरी चाचणी: कंट्रोल+ऑल्ट+एफ३. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारणारा कन्सोल आला तर अर्धी लढाई जिंकलीच. लॉगिन करा, हवी ती प्रोसेस, म्हणजे अडकलेला चालू प्रोग्रॅम, मारा आणि कंट्रोल+ऑल्ट+एफ१ किंवा एफ२ ने परत या. ग्राफिकल सेशन यातल्या कुठल्या क्रमांकावर असतं ते डिस्ट्रोवर (उबंटू, फेडोरा असं लिनक्सचं कुठलं रूप आहे त्यावर) अवलंबून असतं. फ्रीबीएसडीवर ते सहसा एफ९ वर सापडतं, ओपनबीएसडीवर एफ५ वर.

कन्सोल आला नाही म्हणजे कर्नल मेला, असा निष्कर्ष इथे हमखास काढला जातो. तो चूक आहे. ग्राफिकल सेशनमध्ये हे तीन बटणांचं कॉम्बिनेशन कर्नल ऐकत नाही. ते एक्स सर्व्हर किंवा कंपोझिटर ऐकतो आणि मग कर्नलला कन्सोल बदलायला सांगतो. तोच गोठला असेल तर कन्सोल येणार कुठून?

तिसरी चाचणी फार क्षुल्लक वाटेल, पण ती करायचीच. अडलेली खिडकी टर्मिनलची असेल तर कंट्रोल+क्यू दाबा. कंट्रोल+एस हा टर्मिनलला 'थांब' सांगणारा जुना फ्लो-कंट्रोलचा संकेत आहे. फाइल सेव्ह करायच्या सवयीने टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये कंट्रोल+एस दाबलं जातं आणि पडदा थिजतो. त्यानंतर दाबलेली बटणं रांगेत साठत राहतात, म्हणून कंट्रोल+क्यू दाबताच सगळी एकदम लागू होतात. त्यामुळे आधी काय काय बडवून ठेवलंय ते आठवून मगच दाबा. कायमचा उपाय म्हणजे शेलच्या (टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या फाइलमध्ये एसटीटीवाय -आयएक्सऑन ही ओळ. एखादा प्रोग्रॅम अर्धवट मेल्याने टर्मिनलवर टाइप केलेलं दिसेनासं झालं असेल, तर न दिसताच एसटीटीवाय सेन किंवा रीसेट टाइप करून एंटर दाबा.

एखादं बटण सेकंदभर दाबून धरा

अक्षर उमटलं? मग तुमच्या स्लो कीज चालू झाल्या आहेत. हा 'बिघाड' इतका सर्रास दिसतो आणि इतका छळतो, की बाकी काही उकरण्याआधी तो बाद करून घ्यावा.

एक्सकेबीमध्ये अपंगांसाठीच्या अॅक्सेसएक्स नावाच्या सोयी आहेत आणि त्या बटणांनीच चालू-बंद होऊ शकतात. शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की स्लो कीज चालू होतात. मग बटण ठरावीक वेळ दाबून धरल्याशिवाय मोजलंच जात नाही. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ही मुदत मुळात ३०० मिलिसेकंद असते, म्हणजे नेहमीच्या वेगाने टाइप करणाऱ्याचं प्रत्येक बटण वाया जातं. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज चालू होतात आणि शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट चिकटून राहिल्यासारखे वागू लागतात. विचार करत शिफ्टवर बोट ठेवून बसणाऱ्याला, किंवा कीबोर्डवर वही ठेवणाऱ्याला, हे सहज घडतं. त्याच्या लक्षातही येत नाही.

उलटं करायला तीच कृती पुन्हा करा: शिफ्ट आठ सेकंद धरा किंवा पाच वेळा दाबा. किंवा माउसने सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटी विभागात जा. तिथे या सोयी कीबोर्डवरून चालू होऊ देण्याचाच एक पर्याय असतो. वापर नसेल तर तोही बंद करा, नाहीतर हे पुन्हा होईल. हलक्या विंडो मॅनेजरवर (खिडक्यांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमवर) असं सेटिंग नसतं. तिथे एक्सकेबीसेट हे छोटं साधन टाका: एक्सकेबीसेट क्यू ने सद्यस्थिती दिसते, आणि याच साधनाने या सोयी बंदही करता येतात.

चिकटलेलं ऑल्ट आणि बदललेला लेआउट

कीबोर्ड मेलेला नाही, पण वेड्यासारखा वागतोय: अक्षराऐवजी मेनू उघडतात, साधं क्लिक केलं तरी खिडकी सरकते. याचा अर्थ एखादं मॉडिफायर (शिफ्ट, कंट्रोल, ऑल्टसारखं) बटण सिस्टिमच्या लेखी अजून दाबलेलंच आहे. व्हीएनसी (दूरच्या मशीनचा पडदा वापरायचं साधन), व्हर्च्युअल मशीन किंवा केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड अनेक मशीनना जोडणारा डबा) वापरताना हे होतं, कारण बटण दाबल्याची घटना एका मशीनकडे जाते आणि सोडल्याची दुसऱ्याकडे.

आधी डावी-उजवी दोन्ही कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि सुपर बटणं एकेकदा दाबून सोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर एक्सइनपुट लिस्ट चालवून आपल्या कीबोर्डचा आयडी शोधा आणि एक्सइनपुट क्वेरी-स्टेट या कमांडपुढे तो आयडी द्या. जी बटणं दाबलेली समजली जात आहेत त्यांच्यापुढे 'डाउन' दिसतं. नेहमीच्या पीसी कीबोर्डवर ३७ म्हणजे डावं कंट्रोल, ५० डावी शिफ्ट, ६४ डावं ऑल्ट आणि १३३ डावं सुपर. मग एक्सडूटूल कीअप ऑल्ट, किंवा जे बटण अडकलं असेल त्याचं नाव. तीच ओळ पुन्हा पुन्हा 'डाउन' दाखवत असेल तर मात्र बटण खरोखरच खाली रुतलंय. ते साफ करा.

अक्षरं येताहेत पण भलतीच, किंवा शॉर्टकट चालत नाहीत, तर लेआउट बदलला गेलाय का बघा. सेटएक्सकेबीमॅप -क्वेरी ने सध्याचा लेआउट कळतो, सेटएक्सकेबीमॅप यूएस ने मूळ ठिकाणी येता येतं. आणि एक जुनी गंमत: काही हलक्या विंडो मॅनेजरांत नम लॉक चालू असला की शॉर्टकट मरतात. एक्सच्या दृष्टीने नम लॉक हाही एक मॉडिफायर असल्यामुळे 'सुपर+एंटर' आणि 'नम लॉक+सुपर+एंटर' ही दोन वेगळी कॉम्बिनेशन ठरतात, आणि विंडो मॅनेजरने फक्त पहिलं नोंदवलेलं असतं.

बाहेरून आत शिरणं

यापुढच्या तपासाला चालता शेल हवा. कन्सोल येत नसेल तर दुसऱ्या मशीनवरून, नाहीतर फोनवरच्या एखाद्या अॅपमधून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून शेल उघडून, आत या. एसएसएच सर्व्हर आधीच चालू असायला हवा हे उघड आहे. म्हणून ज्या मशीनवर हा त्रास एकदाही झालाय तिथे तो आजच चालू करून ठेवा.

आत आल्यावर सुडो सीएचव्हीटी ३ ही कमांड कन्सोल बदलायला सांगते. सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या, सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्काने चालवणं. एक्सची साधनं वापरायची तर त्यांना पडदा दाखवावा लागतो. एक्सपोर्ट लिहून पुढे मोठ्या अक्षरांत डिस्प्ले आणि त्याला जोडून =:० द्या. क्रमांक ० ऐवजी १ ही असू शकतो. डब्ल्यू ही कमांड तो दाखवते. परवानगी नाकारली गेली तर एक्सऑथॉरिटी हे व्हेरिएबलही, तेही मोठ्या अक्षरांत, द्यावं लागतं. त्याचा पत्ता पीएस च्या यादीत एक्सऑर्गच्या ओळीत -ऑथ या शब्दापुढे दिसतो.

मशीन एसएसएचलाही कासवगतीने उत्तर देत असेल, तर कीबोर्ड विसरा. टॉप चालवा आणि स्वॅप (मेमरीची डिस्कवरची जोडजागा) किती भरलाय ते बघा. मेमरी संपून डिस्कची घरघर सुरू झालेली असते आणि बटणं मिनिटभराने पोहोचत असतात. सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारा, कीबोर्ड आपोआप 'बरा' होतो.

कीबोर्डचा ताबा कुणाकडे आहे

दिवा बदलतोय, माउसचा बाण फिरतोय, पण एकाही खिडकीत टाइप होत नाही. एक्सवर हे दृश्य दिसलं की पहिला संशय ग्रॅबवर, म्हणजे ताब्यावर, घ्यावा. एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम पूर्ण कीबोर्डचा ताबा मागू शकतो. ड्रॉपडाउन मेनू उघडला की तो हेच करतो, आणि स्क्रीन लॉकर, पासवर्ड विचारणारी खिडकी, पूर्ण पडदाभर चालणारे गेम, व्हर्च्युअल मशीनच्या खिडक्या हेही. ताबा घेतलेला प्रोग्रॅम मेला तर सर्व्हर ताबा आपोआप सोडतो. अडचण होते ती प्रोग्रॅम न मरता अडकून पडतो तेव्हा. तो जिवंत असल्यामुळे सर्व्हर ताबा काढून घेत नाही, आणि अडकल्यामुळे तो स्वतः सोडत नाही.

व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी सुटकेचं बटण वापरा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवं कंट्रोल, क्यूईएमयूच्या खिडकीत कंट्रोल+ऑल्ट+जी, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल+ऑल्ट. अनेक 'लॉकअप' इथेच संपतात.

तसं काही नसेल तर गुन्हेगाराचं नाव थेट सर्व्हरलाच विचारता येतं, ही सोय फार कमी जणांना माहीत असते. एसएसएचवरून एक्सडूटूल की चालवून पुढे एक्सएफ८६लॉगग्रॅबइन्फो हे नाव द्या. यात लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी लागतात: एक्स, एफ, आणि लॉग, ग्रॅब, इन्फो या शब्दांची पहिली अक्षरं मोठी. पडद्यावर काही दिसत नाही, पण एक्सऑर्गच्या लॉगमध्ये यादी छापली जाते. लॉग /व्हार/लॉग मध्ये असतो. सर्व्हर साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल तर होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/एक्सऑर्ग मध्ये. शेवटच्या काही ओळी वाचा. साधारण असं दिसतं:

अॅक्टिव्ह ग्रॅब … ऑन डिव्हाइस 'व्हर्च्युअल कोअर कीबोर्ड' (३):
क्लायंट पीआयडी ९५३८ …

पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. त्यापुढे बहुधा प्रोग्रॅमचा पत्ताही असतो. यादीत पॅसिव्ह ग्रॅबही भरपूर असतील, ते विंडो मॅनेजरचे शॉर्टकट. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. आपल्याला हवा अॅक्टिव्ह. आधी साधं किल ९५३८ करून बघा, दोन-चार सेकंदांत गेला नाही तरच किल -९. स्क्रीन लॉकरच अडकला असेल तर मारण्याआधी लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन्स चालवून पाहा, कदाचित तो शहाण्यासारखा बाजूला होईल.

एसएसएच नसेल तर? त्यासाठी आधीच तयारी हवी: सेटएक्सकेबीमॅप -ऑप्शन ग्रॅब:ब्रेक_अॅक्शन्स. हा पर्याय चालू असेल तर कंट्रोल+ऑल्ट आणि नंबर पॅडवरचा भागाकार ताबा सोडवतो, आणि कंट्रोल+ऑल्ट आणि गुणाकार ताबा घेणाऱ्या प्रोग्रॅमलाच हाकलतो. ही बटणं मुळात बंद का ठेवली जातात? २०१२ च्या जानेवारीत असं उघड झालं की काही डिस्ट्रोंवर ती आपोआप चालू होती आणि त्यांनी स्क्रीन लॉकरही मारता येत होता. पासवर्ड न देता कुणीही आत! म्हणून ज्या मशीनपाशी इतर लोक येतात-जातात तिथे हा पर्याय कायमचा चालू ठेवू नका. घरातल्या किंवा प्रोग्रॅमिंगच्या मशीनवर हरकत नाही.

प्रोग्रॅमरांनी वेगळं लक्षात ठेवावं असं एक. ग्राफिकल प्रोग्रॅम जीडीबीखाली चालवताना ब्रेकपॉइंट मेनू उघडा असताना लागला, की प्रोग्रॅम थिजतो आणि कीबोर्डचा ताबा त्याच्याचकडे राहतो. मग जीडीबीच्या खिडकीतही टाइप करता येत नाही. क्यूटी प्रोग्रॅमला -नोग्रॅब हा पर्याय देता येतो. पण सगळ्यांना लागू पडणारा उपाय म्हणजे झेफायर: डेस्कटॉपच्या आत एका खिडकीत चालणारा दुसरा एक्स सर्व्हर. तपासायचा प्रोग्रॅम त्यात चालवा, त्याने हवा तेवढा ताबा घेऊ दे.

वेलँडवर हा प्रकार बराच कमी होतो, कारण संपूर्ण कीबोर्ड बळकावण्याची मुभाच साध्या प्रोग्रॅमला नाही. रिमोट डेस्कटॉप किंवा व्हर्च्युअल मशीन मात्र कंपोझिटरकडून डेस्कटॉपचे शॉर्टकट स्वतःकडे मागून घेऊ शकतात. ग्नोममध्ये ते परत घ्यायला सुपर+एस्केप दाबतात.

इनपुट मेथड की प्रोग्रॅम?

ऑल्ट+टॅब चालतो, कॉपी-पेस्ट चालतं, पण अक्षर उमटत नाही. किंवा एका प्रोग्रॅममध्ये उमटतं आणि दुसऱ्यात नाही. देवनागरी, चिनी, जपानी अशा लिपींसाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स वापरणाऱ्यांना ही खूण ओळखीची असेल. प्रोग्रॅम प्रत्येक बटण इनपुट मेथडला दाखवून तिच्या उत्तराची वाट बघतो. ती प्रक्रिया अडकली की उत्तर येत नाही.

माउसने मेनूतून टर्मिनल उघडता आला तरी त्यात टाइप होणार नाही, म्हणून कमांड कन्सोलवरून किंवा एसएसएचवरून द्या: आयबस रीस्टार्ट, किंवा एफसीआयटीएक्स५ -आर -डी. एसएसएचवरून देताना डिस्प्लेबरोबर सेशनच्या डी-बसचा (प्रोग्रॅमांच्या आपसातल्या संदेशवाहिनीचा) पत्ताही लागतो. तो नसेल तर अडकलेली प्रोसेस किल करून डेस्कटॉपमधून माउसने पुन्हा सुरू करा. खात्री करायची असेल तर ग्नोममधला एखादा जीटीके प्रोग्रॅम जीटीके_आयएम_मॉड्यूल (मोठ्या अक्षरांत) या व्हेरिएबलला जीटीके-आयएम-कॉन्टेक्स्ट-सिंपल ही किंमत देऊन चालवा. तिथे नीट टाइप झालं तर दोष इनपुट मेथडचाच.

विंडो मॅनेजर किंवा कंपोझिटर गोठला असेल तर

बाण हलतो, पण क्लिकही लागत नाही. बाण हलतोय म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. एक्सवर बाण डिस्प्ले सर्व्हर स्वतंत्रपणे हलवतो, त्याला विंडो मॅनेजरची गरज नसते. एक्सवर विंडो मॅनेजर वेगळा प्रोग्रॅम असल्यामुळे तो एकटा बदलता येतो आणि बाकीच्या खिडक्या वाचतात: एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस, केविन_एक्स११ --रिप्लेस, आणि ग्नोमसाठी किलऑल -एचयूपी ग्नोम-शेल (एचयूपी मोठ्या अक्षरांत). हीच शेवटची कमांड वेलँडवर देऊ नका. तिथे ग्नोम शेल स्वतःच डिस्प्ले सर्व्हर आहे, तो गेला की सगळं सेशन जातं.

कर्नलला बटण दिसतंय का

दिवा बदलत नसेल तर इथून सुरुवात करायची. एसएसएचवरून सुडो ईव्हीटेस्ट चालवा. उपकरणांची क्रमवार यादी येते, त्यातून कीबोर्डचा क्रमांक द्या आणि कुणाला तरी कीबोर्डवरचं 'ए' दाबायला सांगा. कोड ३०, व्हॅल्यू १ अशी ओळ आली पाहिजे आणि सोडताना व्हॅल्यू ०. दाबून धरलं तर २. एक्समधले आकडे यापेक्षा ८ ने मोठे असतात, म्हणून तिथे हेच बटण ३८ होतं. दोन्हींचे लॉग ताडून बघताना हे विसरलात तर डोकं फिरेल. या यादीत पासवर्डसुद्धा जसाच्या तसा उमटतो, म्हणून ती कुणाला पाठवण्याआधी नजरेखालून घाला.

ईव्हीटेस्टला ओळी दिसल्या, पण एक्सला बटण पोहोचत नाही, तर मधल्या मध्ये काय होतंय? तीन शक्यता. लिबइनपुटचा एक्स ड्रायव्हर अपग्रेडमध्ये गायब झालाय. मग माउसही बंद असतो आणि एक्सऑर्गच्या लॉगमध्ये तो मॉड्यूल सापडला नसल्याची ओळ मिळते. दुसरी शक्यता, डिस्प्ले सर्व्हरच गोठलाय. तिसरी शक्यता दुमडून टॅब्लेट होणाऱ्या लॅपटॉपची. टॅब्लेट मोडचा सेन्सर चालू झाला की लिबइनपुट आतला कीबोर्ड मुद्दाम बंद करतो. सेन्सर खराब होऊन चालूच राहिला तर लॅपटॉप सरळ उघडा असूनही कीबोर्ड बंद, आणि बाहेरून जोडलेला यूएसबी कीबोर्ड मात्र सुरळीत! सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स चालवून पडदा मागेपुढे दुमडा. टॅब्लेट-मोड, स्टेट १ अशी ओळ येते का आणि पुन्हा ० होते का ते बघा.

ईव्हीटेस्टने उपकरण दुसऱ्या प्रोसेसने धरून ठेवलंय असं सांगितलं, तर बटणांची अदलाबदल करणारा एखादा रीमॅपर चालू आहे: कीडी, केमोनॅड, इनपुट रीमॅपर. हे प्रोग्रॅम खरा कीबोर्ड पूर्ण अडवतात आणि स्वतःचा आभासी कीबोर्ड पुढे करतात. अडकले की सगळं बंद, अगदी साध्या कन्सोलवरही. कीडीमध्ये बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबलं की तो स्वतःला संपवतो. बाकीच्यांची सर्व्हिस सिस्टिमसीटीएल स्टॉप ने थांबवावी लागते.

ईव्हीटेस्टलाही काही दिसत नसेल तर दोष ड्रायव्हर, केबल किंवा कीबोर्डचा. डीमेस्ग -डब्ल्यू चालू ठेवून यूएसबी कीबोर्ड काढा आणि पुन्हा लावा. एरर -७१ किंवा -११० सारख्या ओळी वारंवार आल्या तर केबल, हब किंवा पोर्ट बदला. सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका. थोडा वेळ हात न लावल्यावरच कीबोर्ड झोपत असेल तर वीजबचत तपासा. पॉवरटॉपचं --ऑटो-ट्यून चालवून ठेवलं असेल तर ते कीबोर्डलाही झोपवतं. /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस मध्ये त्या उपकरणाच्या फोल्डरात पॉवर/कंट्रोल ही फाइल असते. त्यात ऑटो ऐवजी ऑन लिहिलं की तेवढ्या उपकरणाची झोप बंद होते. हा बदल रीबूटनंतर टिकत नाही, कायमचा करायला यूडेव्हचा (उपकरण जोडताच लागू होणारा) नियम लिहावा लागतो.

लॅपटॉपचा आतला कीबोर्ड सस्पेंडमधून उठल्यावर मरत असेल, तर बहुधा पीएस/२ कंट्रोलर नीट जागा झालेला नसतो. रूट म्हणून /सिस/बस/सेरिओ/डिव्हाइसेस/सेरिओ०/डीआरव्हीसीटीएल या फाइलमध्ये रीस्कॅन हा शब्द लिहा: एको -एन रीस्कॅन, आणि टी मार्फत फाइलकडे. कीबोर्ड जागा झाला तर रोग सापडला. मग कर्नलला आय८०४२.रीसेट=१ आणि आय८०४२.नोमक्स=१ हे पॅरामीटर देऊन बघा. आधी एकदाच तात्पुरते: ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लिहा आणि कंट्रोल+एक्स दाबा. उपयोग झाला तरच ग्रबच्या कायमच्या फाइलमध्ये घाला.

सिसआरक्यू: शेवटचा हात, पण तो मिळेलच असं नाही

एसएसएच नाही, कन्सोल येत नाही, पण कर्नल जिवंत आहे. यासाठी लिनक्समध्ये ऑल्ट+सिसआरक्यूची सोय आहे. हे बटण प्रिंट स्क्रीनचंच असतं आणि लॅपटॉपवर बरोबर एफएनही लागू शकतं. ऑल्ट+सिसआरक्यू+आर कीबोर्ड डिस्प्ले सर्व्हरच्या हातातून काढून कर्नलकडे परत देतं. त्यानंतर कंट्रोल+ऑल्ट+एफ३ थेट कर्नल ऐकतो. मेमरी संपली असेल तर याच जोडीबरोबर एफ दाबल्यावर सगळ्यात जाडजूड प्रोसेस मारली जाते.

इंटरनेटवर हा सल्ला जिथे तिथे मिळतो, पण अनेक मशीनवर तो चालतच नाही. कारण कुठल्या कृतींना परवानगी आहे ते कर्नल.सिसआरक्यू या आकड्याने ठरतं. १ म्हणजे सगळं चालू, ० म्हणजे सगळं बंद, इतर आकडे म्हणजे बेरीज: ४ कीबोर्ड परत घेणं, १६ डिस्कवर लिहून टाकणं, ३२ डिस्क फक्त-वाचनीय करणं, ६४ प्रोसेसना सिग्नल देणं, १२८ रीबूट. उबंटूवर हा आकडा १७६ असतो, म्हणजे १२८, ३२ आणि १६. त्यात ४ नाही, म्हणून आर निष्फळ! फेडोरावर नुसते १६. डेबियनच्या ४३८ मध्ये ४ आहे पण ६४ नाही, त्यामुळे आर चालतं, एफ चालत नाही. सिससीटीएल कर्नल.सिसआरक्यू ने आपला आकडा बघा आणि /ईटीसी/सिससीटीएल.डी मध्ये एका फाइलात हवा तो लिहून ठेवा. एकट्याच्या मशीनवर २४४ सोयीचा पडतो: वरच्या पाचही कृतींची ती बेरीज आहे.

काहीच जमलं नाही तर पॉवर बटण दाबून धरण्यापेक्षा ऑल्ट+सिसआरक्यू धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही बटणं याच क्रमाने, दोघांमध्ये काही सेकंद सोडून दाबा. ई आणि आय प्रोग्रॅम बंद करतात, एस आणि यू डिस्क सांभाळतात, बी रीबूट करतं. १७६ वर ई आणि आय दुर्लक्षिले जातात, पण एस, यू, बी चालतात. फाइलसिस्टिम वाचवायला तेवढं पुरतं.

अधूनमधून होणारा त्रास असेल तर

आठवड्यातून एकदा गोठणारा कीबोर्ड पकडायचा तर लॉग रीबूटनंतरही राहिला पाहिजे. /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर नसेल तर तो बनवून जर्नलची सर्व्हिस रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी रीबूटनंतर जर्नलसीटीएल -के -बी -१ ने मागच्या वेळचे कर्नलचे संदेश वाचा. गोठल्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेवली असेल तरच त्या ढिगाऱ्यात काही सापडतं. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तक्रारी त्याच मिनिटाला दिसल्या, तर कीबोर्डचा तपास सोडून तिकडे वळा.

लिबइनपुटवर संशय असेल आणि बग नोंदवायचा असेल तर सुडो लिबइनपुट रेकॉर्ड चालवून ठेवा आणि बिघाड घडू द्या. त्यातून तयार होणारी फाइल डेव्हलपर आपल्या मशीनवर पुन्हा 'वाजवून' बघू शकतात. बहुतेक बटणं त्यात एकाच कोडखाली झाकलेली असतात, त्यामुळे टाइप केलेला मजकूर उघड होत नाही. एखाद्या विशिष्ट बटणाचीच तक्रार असेल तेव्हा --शो-कीकोड्स जोडा, आणि तेवढ्या वेळात पासवर्ड टाइप करू नका.